माईची पाठवणी

नेमावरच्या कुंभारआळीत मालनची ख्याती एकच, ती म्हणजे भित्री. विंचवाला भ्यायची, विजेला भ्यायची, नावेत पाय ठेवायचा म्हटलं की तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. आळीतल्या आया हट्टी पोरांना सांगायच्या, "रडू नको, मालनकाकी ऐकेल आणि तीच रडायला लागेल." बायका हसायच्या, मालनही हसायची. हसू नये तर काय करावं माणसाने? पण सगळ्यांत जास्त ती भ्यायची ते सासूला. जानकीबाई नुसत्या खाकरल्या तरी हिच्या हातातलं भांडं खाली पडायचं.

आता जानकीबाईंना आळीत कोण भीत नव्हतं म्हणा. नवरा शालिग्राम दम्याने खाटेला खिळलेला, मुलगा तुकाराम चाकावर बसला की जगाला विसरणारा, तेव्हा घर चालवायचं ते जानकीबाईंनी आणि घराबरोबर आळीही. होळकरांच्या फौजेमागून आलेली ही दहा-बारा मराठी घरं नर्मदेच्या काठावर ओळीने बसलेली होती. पुढच्या दाराने गल्लीत उतरायचं, मागच्या दाराने परसात, परसात मडकी भाजायचा आवा, आणि आव्याच्या पलीकडे काही पावलांवर काठ संपायचा. खाली माई. नर्मदेला तिकडे कोणी नुसतं नर्मदा म्हणत नाही.

माई दर पावसाळ्यात काठाचा लचका तोडायची. म्हाताऱ्या माणसांना आठवत होतं, आव्यापलीकडे एके काळी चिंचेची झाडं होती आणि झाडांपलीकडे गाड्यांची वाट होती. वाट गेली, चिंचा गेल्या. मध्य भारत राज्य झालं, नेमावर देवास जिल्ह्यात आलं, आणि मग एका उन्हाळ्यात देवासहून श्रीपादराव नावाचे ओव्हरसिअर काठ बघायला आले. घराणं देवासच्या धाकट्या पातीच्या दरबारातलं, जुनं कारभाऱ्यांचं, बोलणं गोड, डोक्यावर टोपी. सिद्धनाथाच्या देवळाच्या पारावर गाव जमवून ते म्हणाले की ही सगळी ओळ उचलून मागच्या माळावर न्यायला हवी.

झालं. पारावर असा गलका उठला की देवळातली पारवी उडाली. माळावर पाणी कुठलं? माती वाहायची कोणी? भोई म्हणाले, आमच्या नावा कुठे बांधू? गवळी म्हणाले, गुरं काय विहिरीत उतरवू? पुजारी उमाशंकर म्हणाले, "अरे भिया, घाट सोडून गाव गेलं तर माईची परिक्रमा करणारे परकम्मावासी कोणाच्या दारी जातील?" श्रीपादरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. तापले नाहीत, कायदा दाखवला नाही. ऊन कलेपर्यंत बोलणं चाललं आणि शेवटी सगळ्यांच्या थोड्या थोड्या मनासारखं ठरलं. घरं सध्या राहू द्यावी. पण घरांच्या खालून कोणी मूठभरही माती खणायची नाही, कुंभारांनी नाल्यापलीकडच्या खाणीतून आणायची. गुरांनी एकाच वाटेने उतरायचं. नावा जुन्या घाटालाच बांधायच्या. आणि उतारावर वाळा आणि सरकंडा ही गवतं लावायची, म्हणजे मुळं माती धरून ठेवतील.

सगळ्यांना वाटलं जानकीबाई मोडता घालतील. पण त्यांनी तर ते असं मनावर घेतलं की विचारू नका. वाळ्याची रोपं लावायला सगळ्या आळीला जुंपलं. कोणी चुकार घमेलं घेऊन काठाखाली उतरला की वरून जानकीबाईंचा आवाज पडायचाच. स्वतःच्या मुलालासुद्धा त्यांनी एकदा तिथून कान धरून वर आणला होता, आणि तुकारामाचं तेव्हा लग्न झालेलं होतं.

एक गोष्ट मात्र पारावर कोणी काढलीच नाही. माईची पाठवणी.

कुंभारआळीत पहिल्यापासून असं होतं की पूर आला म्हणजे माई माहेरी आली. माहेरवाशिणीला रिकाम्या ओटीने परत पाठवत नाहीत. म्हणून पाणी फिरलं, उतरायला लागलं, की आळीतली वडील सवाष्ण खण, नारळ, तांदूळ, बांगड्या ताटात घेऊन काठाच्या टोकावर जायची, मागे सगळ्या लेकीसुना. पाणी हाताला लागतंय तोवर ओटी पाण्यात सोडायची. उशीर झाला आणि वरून टाकावी लागली तर ते टाकणं झालं, भरणं नव्हे. माती, गुरं, नावा यांची चर्चा पुरुषांनी करावी, पण ओटी ही बायकांची आणि माईची गोष्ट. ती ओव्हरसिअरला काय सांगायची? पंचांच्याही मनात आलं नाही. मालनच्या मनात आलं होतं. खांबाआड उभी राहून तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं, कारण समोर जानकीबाई बसलेल्या होत्या.

मालनचं माहेर धरमपुरीचं, धारकडचं. तेही माईच्याच काठावर. ती लहान असताना तिथे मोठा पूर आला, गाव टेकडीवर जाऊन बसलं, पाणी उतरलं, गाव हसत खाली आलं. मालनची आई ओल्या गोधड्यांचं गाठोडं घेऊन काठावर धुवायला गेली. ऊन पडलेलं होतं. मालन तिच्यामागे पितळी तांब्या घेऊन चालली होती आणि तिच्या डोळ्यांदेखत पुढची जमीन आईसकट खाली बसली. पाण्याने ओढून नेली नाही, लाट आली नाही, काही नाही. जमीनच गेली. बाप मग वर्षानुवर्षं एकच म्हणत राहिला, पाणी चढत होतं तेव्हा तिला हाताला धरून टेकडीवर नेली, उतरल्यावर कशाला धरू?

तर त्या वर्षी भादव्यात पूर आला. वरच्या अंगाला कुठे किती पडला कोण जाणे, माई तांबडी होऊन फुगत फुगत वर आली. वाळ्याचा उतार बुडाला, घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, पाणी काठाच्या ओठाशी येऊन थांबलं. आळीच्या तोंडचं पाणी पळालं. कोणी देव टोपलीत घातले, कोणी पीठ. त्या वेळी मालनचं एक बरं झालं, तिला पहिल्यांदाच भ्यायला सोबत मिळाली. रोज टिंगल करणाऱ्या आळीतल्या चुलत जावानणंदा तिच्या पदराला धरून बसल्या होत्या.

आणि एका सकाळी घाटाकडून उमाशंकर पुजारी ओरडत आले, "मैया उतरी गई रे, मैया उतरी गई." काठाच्या मातीवर ओली रेघ दिसत होती, पाणी तिच्या खाली वीतभर गेलं होतं. बघता बघता दोन विती. जोरात उतरत होतं. लोकांनी एकमेकांच्या हातावर गूळ ठेवला. शालिग्राम खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, "सुटलो." तुकाराम टोपलीतले देव परत देव्हाऱ्यात मांडू लागला.

मालनने मात्र हातावरचा गूळ तोंडात घातला नाही. इतके दिवस ती सगळ्यांसारखी भ्याली होती. आता ती एकटी पडली.

ती परसात गेली. काठाच्या अंगातून, वाळा लावला होता त्याच्या वरून, पाणी झिरपत होतं, गढूळ, बारीक बारीक धारांनी. पाणी खाली चाललं होतं आणि पाण्याचा टेकू गेलेला तो भिजलेला काठ नुसता उभा होता. आव्याच्या अलीकडे गवतात तिला एक भेग दिसली. बोट जाईल एवढी. आव्याला वळसा घालून ती शेजारच्या गोठ्याकडे गेली होती. मालनने बोट घातलं, तळ लागला नाही. ती घरात येऊन तुकारामाला म्हणाली, "अहो, मागे जमीन फाटलीय. जरा बघा ना."

"आव्याशेजारी भेगा पडतातच," तुकाराम देवांना फुलं वाहता वाहता म्हणाला. "तापतं, निवतं, तडकतं."

"ही तशी नाही. पाणी उतरतंय ना, म्हणून."

"पाणी चढताना भ्यायचं असतं, मालन. उतरताना नाही." आणि तो हसला. चांगल्या मनाने हसला, त्यात खोट नव्हती, पण हसला.

ती परत गेली तेव्हा भेगेत तळहात उभा मावत होता.

स्वयंपाकघरात जानकीबाई ताट मांडत होत्या. हिरवा खण, नारळ, हळदकुंकवाच्या पुड्या, बांगड्या. बाहेर बायका जमायला लागल्या होत्या, कोणी नवं लुगडं काढलं होतं.  दाराची चौकट धरून मालन म्हणाली, "आत्याबाई, आज काठावर नको जाऊ या."

"का?"

"काठ पडेल."

जानकीबाईंनी मान वर केली नाही. "तू पूर आला तेव्हा म्हणालीस घर पडेल. पडलं? आणि काठावर नको तर काय चुलीपाशी बसून पाठवणी करू? पाहुणीला निदान दारापर्यंत तरी सोडतात की नाही माणसं? चल, निरांजन घे. उशीर झालाय, पाणी हाताखाली जाईल."

मालनने निरांजन घेतलं. नाही म्हणायची तिची छाती झाली नाही. बायका गाणं म्हणत परसातून निघाल्या, पुढे जानकीबाई, मागे सगळी आळी, कडेवर पोरं. भेगेपाशी आल्यावर एकेकीने लुगड्याचा घोळ उचलला आणि ओलांडून गेली, पाटाचं पाणी ओलांडावं तशी. कोणी खाली पाहिलं नाही. मालन अलीकडेच उभी राहिली. निरांजनातली वात कधी विझली तिला कळलं नाही. तिच्यासमोर आळीतली एकूण एक बाई त्या पट्ट्यावर उभी होती, आणि अगदी टोकाला, पाण्याकडे वाकलेली, तिची सासू. जानकीबाईंच्या पायाजवळून एक ढेकूळ सुटलं आणि खाली पाण्यात पडलं. त्यांनी पाय थोडा मागे घेतला आणि पुन्हा वाकल्या.

ओरडावं तर कोण ऐकणार? काठ पडेल म्हणावं तर हसतील, हसत हसत ओटी भरतील, गाणं पुरं करतील. मालनचं ओरडणं त्यांच्या कानांना सवयीचं होतं. या बायकांना त्या जागेवरून एका शब्दाने हलवील असं जगात काय होतं? एकच होतं. ते मनात आलं आणि पुढचं सगळं तिला त्याच क्षणी दिसलं.

तिने भेग ओलांडली. ती धावली. धावत बायकांना शिवत गेली, हिला, तिला, दोन्ही हातांनी, आणि टोकाला जाऊन तिने सासूच्या हातातलं ताट धरलं.

"मी बाहेरची आहे," मालन म्हणाली. "मला कावळा शिवलाय. सकाळपासूनच. मी सगळ्याला शिवले."

गाणं थांबलं. त्या काळी, त्या घरात, याचा अर्थ काय होता ते आज सांगून कळणार नाही. विटाळशी बाई चार दिवस बाजूला बसायची, पाण्याच्या घागरीलाही शिवायची नाही. आणि ही माईच्या ओटीला शिवली होती. ओटी गेली, खण गेला, बायका सगळ्या विटाळल्या. कोणीतरी "अगं बाई" म्हणून पदर तोंडावर धरला. मागून एक जाऊ तिला काय काय बोलली.

जानकीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं देव जाणे, मालनला तो वेळ सोसवेना, कारण पाय जिथे टेकले होते तिथली माती आतून हलल्यासारखी तिला वाटत होती. सासू मारेल तर मारू दे, पण इथे नको, पलीकडे जाऊन मार, असं ती मनात म्हणत होती. ताट अजून दोघींच्या हातांत होतं. 

"मागे फिरा," जानकीबाई म्हणाल्या. "सगळ्या. वरच्या विहिरीवर चला. आंघोळी करा, लुगडी पिळा, मग बघू."

"अहो पण तोवर पाणी खाली जाईल," कोणीतरी म्हणालं.

"मागे फिरा म्हटलं ना."

बायका फिरल्या. कुरकुरत, मालनपासून अंग चोरत, पोरांना ओढत. शेवटची बाई भेग ओलांडेपर्यंत मालन थांबली आणि सगळ्यांत शेवटी निघाली. विहीर आळीच्या वर, चढावर होती. पहिल्या घागरी अंगावर ओतल्या जात होत्या तेव्हा खालून आवाज आला. मोठा नव्हता. भरलेली गाडी उलटावी तसा, जड. सगळ्यांनी वळून पाहिलं. आवा जागेवर नव्हता. गोठा नव्हता. जिथे त्या मघाशी उभ्या होत्या तो सगळा पट्टा, वरच्या गवतासकट, खाली पाण्यात गेला होता आणि तिथे तांबडं पाणी गरगरत होतं. पलीकडे, गुरांच्या वाटेच्या अंगाला, जिथे वाळ्याने चांगलं मूळ धरलं होतं आणि मागे आव्यांचं ओझं नव्हतं, तिथला उतार तसाच उभा होता.  एका बाईच्या हातातला दोर सुटला आणि घागर आत गेली.

तुम्ही म्हणाल, आता मालनला डोक्यावर घेतलं असेल. कसलं काय. दुपार व्हायच्या आत आळीत बोललं जाऊ लागलं की माईला विटाळ झाला म्हणून माई कोपली. आजवर काय पाठवण्या झाल्या नव्हत्या? कधी काठ गेला होता पाठवणीच्या दिवशी? उमाशंकर पुजारी येऊन प्रायश्चित्ताचं सांगून गेले. ज्यांचा गोठा गेला ते दारात उभे राहून बोलले. जी जाऊ काठाच्या टोकाला सासूच्या शेजारीच उभी होती तीच सर्वांत जास्त बोलली. तुकाराम पडलेल्या आव्याकडे बघून आला आणि बायकोकडे न बघता आत गेला.

मालन पुढच्या पडवीत कोपऱ्यात बसली होती. आपणच बाहेरची म्हणालो, तेव्हा बाहेर बसणं आलंच. खरं सांगावं असं तिला वाटत होतं आणि सांगायची भीती वाटत होती. खरं सांगितलं तर माईच्या तोंडावर, भरल्या ओटीला हात लावून, गावासमोर खोटं बोललेली बाई ठरेल. विटाळाला प्रायश्चित्त होतं, या खोट्याला नसेल. पुन्हा माहेरी पाठवली तर तिथे कोण उरलं होतं? पण या सगळ्या भीतीच्या खाली तिला दुसरी एक भीती कुरतडत होती, आणि ती सांगायला तर तिला तोंडच उरलं नव्हतं. ती घराच्या भिंतीला कान लावून ऐकत होती.

उन्हं कलली तेव्हा जानकीबाई बाहेर आल्या. हातात भाकरीचं ताट होतं. विटाळशीला लांबून सरकवतात तसं त्या सरकवतील म्हणून मालनने पाय आवरले. जानकीबाई तिच्याशेजारी बसल्या. अगदी मांडीला मांडी लावून. गल्लीतून जाणारी एक बाई थबकली आणि भराभरा पुढे गेली.

"आत्याबाई, विटाळ," मालन पुटपुटली.

"कसला विटाळ? गेल्या आठवड्यात तू इथेच बसली होतीस. माझ्या घरात मला ठाऊक नसेल होय?"

 "म्हणजे तुम्हाला तिथे..."

"तिथेच कळलं."

"मग फिरलात कशा?"

जानकीबाईंनी भाकरीचं ताट तिच्यापुढे ठेवलं.  "तू मला किती भितेस ते मी रोज बघते," त्या म्हणाल्या. "मला बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू. आणि तुझ्यासारखीने सगळ्या गावासमोर माझ्या तोंडावर खोटं सांगितलं. मी म्हटलं, हिला माझ्याहून मोठं काहीतरी दिसतंय. ते काय ते मला दिसत नव्हतं. तुझं तोंड दिसत होतं."

मालन रडू लागली. जानकीबाईंनी तिला रडू दिलं, मग तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पाठवणी मी मोडणार नाही," त्या म्हणाल्या. "माई येणार आणि जाणार, तिची ओटी भरायला हवी. पण कुठे उभं राहून भरायची ते मला सांग. बोटभर इकडेतिकडे नको. कुठपर्यंत पडेल अजून?"

आजवर कोणी तिला असं विचारलं नव्हतं. मालनने पदराने तोंड पुसलं आणि भिंतीवर हात ठेवून ती उठली. दुपारपासून ती जे ऐकत होती ते तिने सासूला दाखवलं. भिंतीच्या पायाशी, जमिनीला लागून, गिलावा सुटला होता आणि आतून माती बारीक बारीक गळत होती, कोणी चाळणीतून पीठ गाळावं तशी. तिथून एक नवी भेग पडवीच्या ओट्याखाली शिरली होती आणि गल्लीच्या मध्यावर येऊन शेजारच्या घराकडे वळली होती.

"गल्लीच्या पलीकडे," मालन म्हणाली. "तिथून पुढे धरेल असं वाटतं. अलीकडचं नाही धरणार."

जानकीबाईंनी गल्लीकडे पाहिलं, मग खाली, आपण बसलो होतो त्या ओट्याकडे. आत शालिग्राम खोकत होता. शेजारच्या घरांतून संध्याकाळच्या चुलींचा धूर निघत होता, ओळीने, सगळ्या घरांतून.

"किती वेळ आहे?"

"पाणी अजून उतरतंय," मालन म्हणाली. 

जानकीबाई उठल्या. "तुकाराम," त्यांनी हाक मारली, "आधी वडिलांना खाटेसकट बाहेर काढ. भांडी राहू दे." मग सुनेचा हात धरून त्या गल्लीच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि एकेका घराचं नाव घेऊन हाका मारू लागल्या.